लोणचं नासलं नाही

माझं लग्न असं वेगळं झालंच नाही. सुमनताईच्या लग्नाचा मांडव घातलेला होता, आचारी आलेला होता, वाजंत्री वाजत होती, आणि तिच्या नवऱ्याला एक धाकटा भाऊ होता. कुणीतरी म्हणालं, धाकटीचंही उरकून टाका, एका मांडवात दोन लग्नं होतील. बाबांनी मान हलवली. मायनं आत जाऊन पेटीतली जुनी पिवळी साडी काढली, ती मधोमध फाडली आणि अर्धी मला गुंडाळली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. कुणीतरी गप्प बसवायला माझ्या हातात बुंदीचा लाडू दिला होता, आणि अंतरपाट बाजूला झाला तेव्हा पलीकडचा पोरगा माझ्याकडे नाही, त्या लाडवाकडे बघत होता. त्या पोराचं तोंड मला आज आठवत नाही. लाडू चांगला आठवतो.

माझ्या नातीच्या वयाच्या मुली विचारतात, आजी, तुमच्या आईवडिलांना काहीच कसं वाटलं नाही? वाटलं की. आनंद वाटला, सुटल्यासारखं वाटलं. बाबा दिग्रसच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या गल्लीत कुठकुठचे मजूर येऊन उतरत, आणि घरात आम्ही दोघी मुली, पाठीवर भाऊ नाही. मुलगी मोठी व्हायच्या आत कुणाच्या तरी नावावर झाली की बापाला झोप लागते, असं सगळेच मानत. बाबांना ती झोप हवी होती. शिवाय मुलगी जितकी लहान, तितकं वरपक्षाचं मागणं लहान, हेही होतंच. सासर महागावच्या पलीकडच्या एका गावातलं, चांगल्या काळ्या जमिनीचं घर. दोघी बहिणी एकाच घरात पडल्या तर एकमेकींना धरून राहतील, असं माय सगळ्यांना कौतुकानं सांगत होती. शाळेतल्या बाईंनी एकदा बाबांना कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा बाबा अदबीनं म्हणाले, "बाई, कायदा यवतमाळले राह्यते, आमी इथी राह्यतो." बाईंचंही लग्न परकरातच झालेलं होतं. या सगळ्यांचा मला राग येतो का? येतो. ऐंशी ओलांडली तरी येतो, आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

आमचं घर जिनच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे सपरी, म्हणजे ओसरी, मग एक खोली, मग चुलीची खोली, आणि मागे परसात एक कोठा, ज्यात कधीकाळी गाय बांधलेली होती. दिवस भोंग्यावर चालायचा. पहिला भोंगा झाला की बाबा निघत, दुसऱ्याला माय भाकरी थापायला बसे. हंगामात रेच्यांची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांची, घरघर भिंतीतून येत राही आणि हवेत कापसाची पिंजर तरंगे. ती भाताच्या हंड्यात पडे, आमच्या केसांत बसे, देवाच्या दिव्यावर जळून तिचा वास येई. माय जेवताना ताटावर हात धरून बसायची. जेवण साधंच, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कधी पातोड्या, वांग्याचं भरीत. पण मायचं आंब्याचं लोणचं म्हणजे गल्लीचा अभिमान. फोडी उन्हात सुकवायच्या, मसाला तिच्याशिवाय कुणी कालवायचा नाही, आणि बरणीला फडकं बांधून ती उंच फळीवर ठेवली की वर्षभर तिच्याभोवती मायचा जागता पहारा. ओला चमचा चालायचा नाही. आणि जी बाई 'बाहेर' झाली असेल, म्हणजे जिची पाळी सुरू असेल, तिची सावलीही त्या फळीवर पडता कामा नये. तसं झालं तर लोणचं नासतं. आग हाताला भाजते हे जसं आम्हाला माहीत होतं, तसंच हेही.

लग्न झालं तरी आम्ही दोघी माहेरीच होतो. रीत अशी होती की मुलीला न्हाण येईपर्यंत, म्हणजे पहिली पाळी येईपर्यंत, तिनं आईकडे राहायचं. न्हाण आलं की चार दिवस तिला परसदारी वेगळं बसवत, सगळी गल्ली ते बघे, आणि मग केळीचे खांब लावून मखर सजवत. त्या मखरात तिला नवी साडी नेसवून बसवायचं, बायांनी गाणी म्हणायची, ओटी भरायची, आणि सासरी गूळ-खोबरं धाडायचं. गूळ पोचला की सासरची दमणी, म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी, मुलीला न्यायला येई. सुमनताई मखरात बसली तेव्हा तेरा वर्षांची होती. काय सुंदर दिसत होती! मी खांबाला धरून उभी होते आणि मला तिचा इतका हेवा वाटत होता की मी मायला विचारलं, मी कधी बसणार? सगळ्या बाया हसल्या. माय म्हणाली, "येईन व, तुहाही नंबर येईन." ताईच्या हातात मी माझी काचेची बांगडी घातली, आणि ती घालून ती दमणीत चढली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हीसुद्धा रीतच होती. पण ताईला दिवस गेले ते अशा हिशेबानं की सातवा-आठवा महिना बरोबर कापूस वेचणीत आला. बाबा दोनदा आणायला गेले. सासूबाईंनी दोन्ही वेळा सांगितलं, एवढी वेचणी होऊ द्या, मग न्या. चौदा वर्षांची पोर, कमरेला फडक्याची ओटी बांधलेली, तिच्यात कापूस आणि पोटात मूल, अशी सकाळपासून शेतात. कळा सुरू झाल्या त्या शेतातच. त्यानंतर किती वेळ ती अडून पडली होती हे मला कुणी नीट सांगितलं नाही. सुईण बसून होती, महागावला दवाखाना होता, घरी दमणी होती, बैल होते. पण सासूबाईंचं म्हणणं, आम्ही समद्या अशाच मोकळ्या झालो. शेवटी मूल आलं ते मेलेलं. आणि ताई वाचली.

वाचली म्हणजे काय, ते आम्हाला दमणी दारात उभी राहिली तेव्हा कळलं. ती उतरली तर एक पाऊल खाली लोंबत होतं, जमिनीवर घासत होतं. आणि तिच्यामागे दमणीतलं तणस ओलं झालेलं होतं. तिला लघवी धरताच येत नव्हती. ती सतत, थेंबाथेंबानं, उठता-बसता झरत होती. सोबत आलेल्या गड्यानं बोचकं सपरीत ठेवलं, नाकाला उपरणं लावलं आणि पाणीही न पिता बैल वळवले. मायनं ताईला कवळ्यात घेतलं. ताईनं तिला दूर लोटलं आणि म्हणाली, "माय, मले शिवू नको, मी ओली हाय."

पुढे मी नर्स झाले. शेकडो बाळंतपणं या हातांनी केली, तेव्हा कुठे मला माझ्या बहिणीचं काय झालं ते कळलं. तेरा-चौदाव्या वर्षी मुलीची उंची वाढते, अंग भरतं, पण कमरेची हाडं अजून वाढायची असतात. मुलाला बाहेर यायला जेवढी वाट लागते तेवढी तिच्यात तयारच नसते. मुलाचं डोकं तिथे अडकतं, आणि कळा त्याला ढकलत राहतात. मधल्या नाजूक चामडीवर इतका वेळ दाब पडतो की ती मरते, मग सडते, आणि लघवीच्या पिशवीला भोक पडतं. पायाची शीर दाबली जाते, म्हणून पाऊल लोंबतं. यात देवाचा कोप नाही, पूर्वजन्म नाही, कुणाची नजर नाही. वयाच्या आधी लावलेलं लग्न आहे आणि वेळेवर न जुंपलेली दमणी आहे. आणि हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच जीव मुठीत धरून बसू नये. मी नर्सिंग शिकत असताना नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ताईचं ऑपरेशन झालं. एकदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं. ती म्हातारी होऊन गेली, कोरड्या अंथरुणात गेली. पण मूल झालं नाही, आणि पाय शेवटपर्यंत ओढतच राहिला.

तर तेव्हाचं सांगत होते. ताई आली आणि परसातल्या कोठ्यात राहू लागली. तिला तिथे कुणी ढकललं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. ती आपणहून गेली आणि कुणी तिला थांबवलं नाही. ती रोजचीच 'बाहेर' झाली होती, कधीही न संपणारी. चुलीच्या खोलीत तिला यायचं नाही, देवाकडे जायचं नाही, बरणीचं तर नावच नको. माय तिचं ताट कोठ्याच्या दारात ठेवी आणि ती जेवेपर्यंत बाजूला बसून राही, रोज, पण आत ये असं म्हणत नसे. ताई दिवसभर जुन्या धोतरांच्या घड्या करायची, ओल्या झालेल्या धुवायची, परसातल्या दोरीवर टाकायची. ती दोरी कधी रिकामी नसे. आणि गल्लीतलं एकही माणूस त्या दोरीकडे बघत नसे. बाया आमच्या कुंपणाशी आल्या की मान वळवत.

तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. आम्हाला ते दिग्रसच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, हळदीचा भाव सांगावा तसं.

मला न्हाण आलं ते ऐन उन्हाळ्यात. मी सातवीची परीक्षा दिली होती. परसामागे गल्लीची विहीर होती, तिथे दोर ओढताना मला ते कळलं, आणि मी तिथेच दगडावर बसून रडायला लागले. मला मखर दिसत नव्हतं, मला लोंबतं पाऊल दिसत होतं. कोठ्यातून ताई पाय ओढत बाहेर आली. तिनं मला बघितलं, परकर बघितला, आणि तिला क्षणात सगळं समजलं.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"मंग आता सांगूच नको," ताई म्हणाली. "गूळ गेला का दमनी येते. तू बाहेर बसलीच नाई तं गूळ जाते कसा?"

"अन् कपडे व ताई? दोरीवर दिसन ना."

ताई हसली. परत आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "माह्या दोरीकडे कोन पाह्यते? तुहे माह्यात धुवीन, माह्यात वाळवीन. देवानं मले एवढी मोठी दोरी देली, तिचा काही तरी उपेग होऊ दे!"

अशी माझी बहीण. लोक तिला बिचारी म्हणत. मी जिवंत आहे तोवर तरी तिला कुणी माझ्यासमोर बिचारी म्हणू नये.

पण कपडे लपवता येतात, स्वयंपाकघर कसं टाळणार? दुसऱ्याच दिवशी माय पिठाच्या हातानं परातीशी बसली होती. मला म्हणाली, "वच्छे, बरनी खाली काढ, तुह्या बाबाले लोनचं वाढ." मी फळीखाली जाऊन उभी राहिले आणि माझे हात वर जाईनात. कुणी बघत नव्हतं, तरी जाईनात. इतकी वर्षं जे कानात ओतलं होतं त्यानं माझे दंड धरून ठेवले होते. पुढे सपरीत बाबा हात धुऊन बसले होते. माय म्हणाली, "काढ ना व." मी तरी तशीच. मग तिची परातीतली बोटं थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी काही न बोलता तिला कळलं.

माय इतकी देवभोळी बाई की एकादशीला मुंगीवर पाय पडला तरी दिवसभर हळहळायची. ती उठली. मला वाटलं आता मला धरून परसात नेईल, गोणपाट टाकेल, बस म्हणेल, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत होईल. तिनं मागच्या दारातून बाहेर पाहिलं. बाहेर दोरीवर धोतरं वाळत होती आणि त्यांच्याखाली ताई बसली होती, ऊन अंगावर घेत. मायनं पिठाचे हात पदराला पुसले. मग वळली आणि म्हणाली, "काढ बरनी. हात लाव. पाप लागलं तं मले लागू दे."

मी बरणी काढली. फडकं सोडलं, फोडी वाटीत घेतल्या, फडकं पुन्हा बांधलं. मायचे ओठ हलत होते. बाबांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर आम्ही दोघी त्या बरणीकडे असं बघत होतो जसं आजारी माणसाकडे बघतात. माय रोज सकाळी फडकं सोडून वास घ्यायची. बुरशी आली का? नाही. तेल खाली बसलं का? नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा बाहेर झाले, पुन्हा बरणी काढली, देवापुढे दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. आखाड गेला, श्रावणाचे उपास गेले, पोळ्याचं पुरण झालं. लोणचं मुरत गेलं, लालभडक, आणि दर महिन्याला जास्तच चांगलं लागत गेलं. एक दिवस माय बोटावर मसाला घेऊन चाखत उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजे इतके दिस आपुन उगीच..." आणि वाक्य तिथेच सोडून भाजी चिरायला बसली. त्या उरलेल्या वाक्यात तिचं सगळं आयुष्य होतं, कारण ती स्वतः लग्नाच्या वेळी माझ्याहून लहान होती आणि आम्हा दोघींच्या आधीची तिची दोन मुलं जगली नव्हती.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी गूळ धाडला असता, रडत धाडला असता, पण धाडला असता. दिलेला शब्द हा त्यांचा देव होता.

भुलाबाईचे दिवस आले. कोनाड्यात मातीची भुलाबाई बसवलेली, संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमून सासरच्या छळाची गाणी टाळ्या पिटत म्हणायच्या आणि खिरापत ओळखायच्या. शेतात बोंडं फुटायला लागली होती. आणि एका दुपारी सासरची दमणी दारात उभी राहिली, न बोलावता. सासूबाई आणि मामाजी, म्हणजे सासरे, दोघंही आले होते. सासूबाई अंगानं उंच, आवाजानं मोठ्या, आणि कडक सोवळ्याच्या. त्यांनी कोठ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आल्या आल्या मला नजरेनं मोजलं, डोक्यापासून टाचेपर्यंत.

"पोट्टी तं वाढली, इहीनबाई. न्हान नाई आलं म्हनता अजून?"

"नाई आलं," माय म्हणाली.

"नसन आलं तं येईन आमच्या घरी. वेचनी तोंडावर हाय, घरात हात कमी पडून राह्यले. मोठी तं वायाच गेली. धाकटीले आजच घेऊन जातो, दमनी म्हनूनच तं आनली."

सपरीतून बाबांचा आवाज आला, "तुमचीच हाय, नेता येईन. जेवून तं घ्या."

मायनं माझ्याकडे बघितलं. तो माझ्या पाळीचा दुसरा दिवस होता आणि हे तिला माहीत होतं. ती घाईघाईनं म्हणाली, मी वाढते, तुम्ही बसा. पण सासूबाईंनी हात वर केला. "नाई, आमच्या सुनेलेच वाढू द्या. तिच्याच हातचं खातो. पाहू तं द्या, हात कसा हाय." मी आजही त्यांची ऋणी आहे. हे वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर माझी हिंमत झाली असती की नाही, कोण जाणे.

मी वाढलं. मामाजी आणि बाबा सपरीत, सासूबाई चुलीच्या खोलीच्या उंबऱ्याशी पाटावर. पोळ्या, कढी, वांग्याचं भरीत, भात, आणि ताटाच्या डाव्या बाजूला लोणचं. डोक्यावर पदर घेऊन मी इकडून तिकडे फिरत होते, आणि मागच्या दारातून मला ताई दिसत होती. ती कोठ्याच्या चौकटीला धरून उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तिनं मला काही खुणावलं नाही, ती फक्त उभी होती, एक पाऊल जमिनीवर आणि एक लोंबतं. मी मनाशी म्हटलं, वेचणीला हात पाहिजेत ना यांना? मग हे हात कसे आहेत ते यांना कळलंच पाहिजे.

सासूबाईंनी फोड चोखली. "लोनचं झकास झालं हो! कोनाच्या हातचं हाय?"

"बरनी वच्छीच सांभाळते," माय हळूच म्हणाली.

"वाढ व पोरी, आनखी वाढ."

मी आणखी एक फोड त्यांच्या ताटात वाढली. वाटी खाली ठेवली. आणि सपरीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सासूबाई, मी आज बाहेरची हाय. दुसरा दिवस हाय माहा."

त्यांचा घास हातातच राहिला.

"उन्हाळ्यातच न्हान आलं मले. तवापासून ही बरनी मीच काढतो. देवापुढचा दिवा मीच लावतो. हे भुलाबाईची खिरापत मीच केली. आताच्या पोळ्याही मीच लाटल्या, अन् तुमी तीन खाल्ल्या."

मग जे झालं ते सांगताना मला आजही हसू येतं. सासूबाई ताडकन उठल्या, त्यात कढीची वाटी लवंडली, मागच्या दारी जाऊन चूळ भरू लागल्या, एकावर एक, जणू पोटातल्या पोळ्या चुळीनं धुऊन निघणार होत्या. सपरीत मामाजींनी ताट ढकललं आणि शिव शिव म्हणत उपरणं झटकलं. त्या ओरडत होत्या, "विटाळशीच्या हातचं चारलं आमाले! देवाधर्माचं घर हाय आमचं! असली पोट्टी आमच्या घरात पाय नाई ठेवनार. मोडलं! आजपासून मोडलं समजा!"

"समजलं," मी म्हणाले.

"पोत काढ! आमची पोत हाय ते!"

गळ्यातली काळी पोत मी लाडू खाल्ला त्या दिवसापासून घालत होते. मी ती काढली आणि त्यांच्या ताटात, लोणच्याच्या शेजारी ठेवली. त्यांनी ती तिथून उचलायची की नाही, हा प्रश्न त्यांच्यावर सोडला. त्यांनी उचलली नाही. विटाळली होती ना.

दमणी गेली. बाबा सपरीतून आत आले आणि त्यांनी माझ्यावर हात उगारला. त्यांनी आयुष्यात मला कधी मारलं नव्हतं. माय मध्ये येऊन उभी राहिली. "तिले नाई, मले मारा. म्याच सांगतलं, बरनीले हात लाव म्हनून. सुमनले आपुन समदं रीतीनं धाडलं का नाई? केळीचे खांब लावले, ओटी भरली, गूळ धाडला. रीतीनं काय वापस आलं, ते कोठ्यात जाऊन पाहा. तुमी कवा जाता तिथी? कवा गेले?" बाबांचा हात वरच राहिला आणि मग खाली आला. ते वळून सपरीत गेले. पाठमोरे बसले. त्यांचे खांदे हलत होते.

गल्लीला कळायला भोंग्याचीही गरज पडली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी कुणी हळदीकुंकवाला आलं नाही, आमचा प्रसाद कुणी घेतला नाही, बायांनी मायला विहिरीवर बाजूला उभं केलं. शेजारची जुबेदाचाची, जिचा नवरा जिनमध्ये बाबांच्या हाताखाली होता, ती मात्र कुंपणावरून पोट धरून हसली. म्हणाली, "अब आओ हमारे में! हमारे घर का पानी भी कोन पीता है यहाँ?" आणि तिनं शेवयांचा वाडगा पुढे केला. मायनं तो पहिल्यांदाच घेतला आणि आम्ही तो खाल्ला. त्या लाडवाकडे बघणाऱ्या पोराचं सासूबाईंनी वेचणी संपायच्या आत दुसरीकडे लग्न लावलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही, पण तिची आठवण मला येत राहते. सातवीनंतर थांबलेली शाळा मी पुन्हा सुरू केली. पुढे यवतमाळला नर्सिंगला गेले. बाबाच मला एस.टी.त बसवायला आले होते, ट्रंक डोक्यावर घेऊन.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. दमणी गेली होती, बाबा सपरीत पाठमोरे बसले होते, चुलीच्या खोलीत कढी सांडलेली होती. मायनं ती पुसली. सासूबाईंचं ताट उचलून बाजूला ठेवलं, पोतीसकट. मग तिनं दुसरा पाट मांडला, चुलीजवळ, बरणीच्या फळीखाली. ताट वाढलं. आणि मागच्या दारात जाऊन हाक मारली, "सुमने, ये. आत ये जेवाले."

ताई चौकटीशी आली आणि थांबली. उंबऱ्यापाशी तिचं ते पाऊल अडलं की तीच अडली, मला कळलं नाही. मी जाऊन तिचा हात धरला. पाटाशी आली तरी ती बसेना. इतक्यात सपरीतून बाबा आत आले. त्यांचं अर्धं ताट तिथेच होतं, ते घेऊन आले, आणि ताईच्या समोर खाली मांडी घालून बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताट जरा पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वच्छे, लोनचं वाढ."

मी वाढलं. त्यांनी खाल्लं.

ताई अजून उभीच होती, साडी मुठीत आवळून. अगदी हळू म्हणाली, "पाट ओला होईन व माय."

"झाला तं पुसू," माय म्हणाली. "बस. जेव."